मस्क्युलर डिस्ट्रॉफीची नोंद : नागपूर आणि विदर्भातल्या कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरोग्य खात्यातल्या माझ्या नोकरीची बरीच वर्षं सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रजिस्टरवर गेली. गावागावांतून आलेले कागद जुळवायचे, एकाच मुलाचं नाव दोनदा आलं का ते बघायचं आणि महिन्याच्या शेवटी आकडा वर पाठवायचा, हे माझं काम. याच काळात माझ्या बहिणीच्या मुलाला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी निघाली. हा आजार मांडायला माझ्या कुठल्याच रजिस्टरमध्ये रकाना नव्हता. तेव्हापासून मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात, लग्नाकार्यात, फोनवर लोकांनी मला जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं इथे लिहितो आहे. उपचारांचे निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्या. माझा विषय नोंदीचा आहे.

मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा एकच आजार आहे का?

नाही, हे आजारांचं कुटुंब आहे. स्नायू हळूहळू झिजतात आणि कारण जनुकात असतं, एवढं सगळ्यांत समान. मुलग्यांमध्ये सर्वांत जास्त दिसतो तो डुशेन. त्याचाच सौम्य भाऊ बेकर. याशिवाय खांदे आणि कमरेचे स्नायू धरणारा लिंब-गर्डल प्रकार, चेहरा आणि खांद्यांचा फॅसिओस्कॅप्युलोह्युमरल प्रकार, मोठेपणी उघड होणारा मायोटॉनिक प्रकार, जन्मजात प्रकार, असे बरेच आहेत.

डुशेनमध्ये डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन तयार होत नाही. स्नायूच्या पेशीचं आवरण आकुंचनाच्या वेळी फाटू नये म्हणून हे प्रथिन लागतं. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलग्यांत हे गुणसूत्र एकच, मुलींत दोन, त्यामुळे आजार मुख्यतः मुलग्यांना होतो. साधारण ३,५०० ते ५,००० मुलग्यांच्या जन्मामागे एक, असं हे प्रमाण सांगितलं जातं. बहुतेक मुलांचं चालणं बाराव्या वर्षाच्या आसपास थांबतं. पुढे श्वासाचे स्नायू आणि हृदय यांचा प्रश्न येतो.

मोजताना हे प्रकार वेगळे ठेवावेच लागतात. डुशेनच्या मुलाला व्हीलचेअर दहा-बारा वर्षांचा असताना लागते, तर लिंब-गर्डलच्या माणसाला नोकरीत असताना लिफ्ट लागते. दोघांना एकाच खान्यात टाकलं तर नियोजन दोघांचंही चुकतं.

यावर पक्का इलाज नाही, मग मोजून काय उपयोग?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला. माझ्या बहिणीनेही विचारला होता : "दादा, नोंद करून माझा पोरगा चालणार आहे का?" तिला तेव्हा मी काही बोलू शकलो नाही.

आज सांगू शकतो. आजार मुळापासून जात नसला तरी करण्यासारखं पुष्कळ आहे. वेळेवर सुरू केलेल्या स्टेरॉइडने चालण्याची वर्षं वाढतात. हृदयाचं औषध त्रास सुरू होण्याआधी दिलं तर फायदा होतो. रात्री मास्कने श्वास देणारं यंत्र लावल्यामुळे आयुष्य वाढलं आहे. या प्रत्येक गोष्टीला माणूस लागतो, यंत्र लागतं, पैसा लागतो. फिजिओथेरपिस्टची जागा मागायची असेल तर अर्जात पहिला प्रश्न येतो : रुग्ण किती? मी खात्यात राहून हे डोळ्यांनी पाहिलं आहे. आकडा नसलेली मागणी फाईलमधून पुढे सरकत नाही.

दुसरं असं की कोणाला मदत पोचत नाही, हेही मोजल्यामुळेच कळतं. भिवापूर किंवा नरखेडहून येणाऱ्या मुलाला स्टेरॉइड उशिरा मिळतं का? मुलाच्या आईची आणि बहिणींची तपासणी होते का? चालणं थांबल्यावर किती मुलांची शाळा सुटते? एकेका डॉक्टरला आपल्यासमोर आलेलं मूल दिसतं, न आलेलं दिसत नाही. न आलेलं मूल फक्त नोंदवहीत दिसतं, तेही ती नोंदवही संपूर्ण भागाची असेल तर.

नागपूर जिल्ह्यात असे किती रुग्ण आहेत?

संपूर्ण लोकसंख्येतून मोजलेला आकडा तुम्हाला हवा असणार, आणि मलाही तोच हवा आहे. तूर्त अंदाज कसा बांधतात ते सांगतो. अमेरिकेत सहा ठिकाणी केलेल्या मोजणीत ५ ते २४ वयाच्या दर १०,००० मुलग्यांमागे सुमारे १.३८ जणांना डुशेन किंवा बेकर आढळला. म्हणजे ७,२५० मागे एक. समजा, एखाद्या जिल्ह्यात या वयाचे ८ लाख मुलगे आणि तरुण आहेत. मग त्या हिशेबाने ११० च्या आसपास रुग्ण असायला हवेत.

हा आकडा जसाच्या तसा खरा मानू नका. तिथे मुलं जास्त वर्षं जगतात, त्यामुळे एका वेळी जिवंत असलेल्यांची संख्या जास्त भरते. पण अंदाजाचा एक उपयोग नक्की आहे. उद्या एखाद्या जिल्ह्याने "आमच्याकडे सात रुग्ण" असं कळवलं, तर बाकीचे कुठे आहेत हा प्रश्न विचारता येतो.

दवाखान्यांच्या रजिस्टरमधून बेरीज का करत नाहीत?

केली तरी ती जिल्ह्याची बेरीज होणार नाही. मेडिकल, मेयो, सुपर स्पेशालिटी, मिहानमधलं एम्स, या ठिकाणी सकाळच्या ओपीडीच्या रांगेत उभे राहून बघा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाचे लोक असतात, शिवाय मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, शिवनी, बालाघाटचेही. ते नागपूरच्या दवाखान्याचे रुग्ण आहेत, नागपूर जिल्ह्याचे नाहीत. उलट ज्यांना परवडतं असे इथले पालक मुंबई, हैदराबाद, बंगळुरू, वेल्लोर गाठतात, आणि त्यांचं निदान तिथल्या वहीत राहतं.

मग येतो दुबार नावांचा घोळ. एकाच मुलाचं नाव एका कागदावर आडनावापासून सुरू होतं, दुसऱ्यावर स्वतःच्या नावापासून, तिसऱ्यावर वडिलांचं नाव गायब. उईके हे आडनाव मी इंग्रजी स्पेलिंगमध्ये पाच तऱ्हांनी लिहिलेलं पाहिलं आहे. जन्मतारखेच्या जागी "वय ८ वर्षे" लिहिलं की जुळवणी तिथेच संपते. आभा हा सरकारी डिजिटल आरोग्य-ओळख क्रमांक चौदा आकड्यांचा आहे. तो प्रत्येक केसपेपरवर उतरवला तर हे काम खूप सोपं होईल, म्हणून तो काढून घ्या असं मी सगळ्यांना सांगतो.

आणि एक अडचण सांकेतिक क्रमांकाची. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत डुशेन, बेकर, लिंब-गर्डल, फॅसिओस्कॅप्युलोह्युमरल हे सगळे जी ७१.० या एकाच क्रमांकात बसवलेले आहेत. दवाखान्याने अगदी चोख काम केलं तरी संगणकातून प्रकार वेगळे निघत नाहीत. अमेरिकेने २०१८ मध्ये आपल्या आवृत्तीत डुशेन-बेकरला स्वतंत्र क्रमांक दिला. आपल्याकडे डॉक्टरांनी प्रकाराचं पूर्ण नाव शब्दांत लिहिलं, तरच तो पुढे कळतो.

जगात कुठे हे काम नीट झालं आहे?

सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण अमेरिकेचं आहे. तिथे २००१ साली मस्क्युलर डिस्ट्रॉफीसाठी स्वतंत्र कायदा झाला, तो एमडी-केअर कायदा. पालकांनी तो चिकाटीने मागून घेतला होता. त्यानंतर २००२ मध्ये सीडीसी या तिथल्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने एमडी स्टारनेट नावाचं जाळं उभं केलं. सुरुवातीला अॅरिझोना, कोलोरॅडो, आयोवा आणि न्यूयॉर्क राज्याचा पश्चिम भाग होता. पुढे जॉर्जिया आणि हवाई आले. त्यांनी आख्खा देश मोजायला घेतला नाही, मोजके भाग निवडले आणि त्या भागांत एकही मूल सुटू नये असा प्रयत्न केला.

पद्धत मला फार आवडते, कारण ती कारकुनी चिकाटीची आहे. रुग्ण येऊन नाव नोंदवेल म्हणून ते वाट पाहत बसत नाहीत. प्रशिक्षित माणसं न्यूरोमस्क्युलर क्लिनिक, रुग्णालयांच्या डिस्चार्जच्या नोंदी आणि इतर दप्तरं शोधत जातात, आणि १९८२ पासून जन्मलेल्या मुलांच्या फायली पानापानाने वाचतात. पहिलं लक्षण कधी दिसलं, चालणं कधी थांबलं, स्टेरॉइड कधी सुरू झालं, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी कधी झाली, हे ठरलेल्या नमुन्यात उतरवतात. मग तज्ज्ञ डॉक्टरांची समिती प्रत्येक फाईल तपासून सांगते : निदान निश्चित, संभाव्य की केवळ शक्य. नुसतं कोणी "डिस्ट्रॉफी" लिहिलं म्हणून नाव आत जात नाही.

सुरुवात डुशेन-बेकरने झाली. २०१४ पासून मायोटॉनिक, लिंब-गर्डल, जन्मजात असे इतर प्रकारही धरले गेले.

यातून जे बाहेर आलं त्यातली एक गोष्ट मी आयुष्यभर विसरणार नाही. घरात आधी कोणाला आजार नसलेल्या १५६ मुलांच्या फायली बघितल्या, तेव्हा दिसलं की आईवडिलांना किंवा शिक्षकांना पहिली शंका सरासरी अडीच वर्षांच्या वयात आली आणि पक्कं निदान सरासरी ४.९ व्या वर्षी झालं. मधली जवळजवळ अडीच वर्षं गेली कुठे? २००९ मध्ये हा निष्कर्ष छापून आला, तेव्हा आमच्या घरातला उशीर याहून मोठा होता.

आपल्याकडे निदानाला उशीर का होतो?

आमच्या घरचंच सांगतो. भाचा तीन वर्षांचा असताना त्याची आजी कौतुकाने म्हणायची, "पोट्ट्याच्या पोटऱ्या पाहा बाप्पा, पहेलवान होईन हा!" पोटऱ्या खरंच भरदार दिसत. डुशेनमध्ये त्या तशा फुगतात, कारण झिजलेल्या स्नायूच्या जागी चरबी आणि तंतू भरतात. आमच्यात कोणालाच ते माहीत नव्हतं. तो पळताना मागे पडायचा, जिना चढताना कठडा धरायचा, जमिनीवरून उठताना आधी हात टेकायचा, मग स्वतःच्याच मांड्यांवर हात ठेवत वर सरकायचा. या उठण्याला गॉवर्सची खूण म्हणतात. एकदा पाहिली की डोळ्यांतून जात नाही.

पाच वर्षांचा झाल्यावर तापाच्या निमित्ताने रक्त तपासलं तर एसजीओटी आणि एसजीपीटी, ही यकृताच्या तपासणीत बघतात ती विकरं, वाढलेली निघाली. एका दवाखान्यात यकृताचा आजार ठरला. पावणेदोन वर्षं पोराला बिनतेलाची भाजी, उसाचा रस आणि फुटाणे. एसजीओटी-एसजीपीटी यकृतात असतात तशी स्नायूतही असतात. स्नायू फुटला की तीही रक्तात येतात. त्या वेळी कोणी सीपीके नावाची साधी रक्ततपासणी लिहून दिली असती, तर ती हजारांत आली असती आणि दिशा बदलली असती. डुशेनमध्ये सीपीके सामान्यापेक्षा दहापट ते शंभरपट वाढलेलं असतं. शेवटी सात वर्षांचा होऊन गेल्यावर एका तरुण डॉक्टरने त्याला खाली बसवून "उठ बरं बेटा" एवढंच सांगितलं, आणि उठताना पाहून सीपीके लिहून दिलं.

मी कोणाला दोष द्यायला हे लिहीत नाही. त्या दवाखान्याला आपण चुकलो हे कधी कळलंच नसेल, कारण ते परत सांगणारी व्यवस्था नाही. उशीर मोजला गेला तरच तो कमी करता येतो.

तेव्हा आशाताई, अंगणवाडीताई आणि पहिली-दुसरीच्या बाईंना कळकळीची विनंती. अठरा महिन्यांपर्यंत न चालणारं, सारखं पडणारं, टाचा उचलून चालणारं, उठताना मांडीचा आधार घेणारं मूल दिसलं, की "आळशी आहे" म्हणू नका. सीपीके सुचवा. आणि यकृताच्या औषधांवर असलेलं पण कावीळ न दिसणारं मूल असेल तर हमखास सुचवा.

शाळा-अंगणवाडीतल्या सरकारी तपासणीत हे पकडलं जात नाही का?

जाऊ शकतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची पथकं तपासणी करतात, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. ठरवलेल्या तीस स्थितींच्या यादीत मस्क्युलर डिस्ट्रॉफी नावाने नाही, पण "हालचालींच्या विकासातला उशीर" हा रकाना आहे. पथकाने मुलाला जमिनीवर बसवून उठवलं तर एवढ्यानेही मूल हाती लागतं. आपल्या मुलाचा संदर्भ-कागद, म्हणजे पुढच्या दवाखान्यात पाठवायची चिठ्ठी, भरला जातो तेव्हा त्याची एक प्रत मागून घ्या.

सिकलसेलसारखी घरोघर तपासणी मोहीम याच्यासाठी का नाही?

विदर्भातल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. सिकलसेल आपल्याकडे घराघरात माहीत आहे. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं गेलं. पण सिकलसेलची पहिली चाचणी गावातच होते, स्वस्त असते, आणि आजार ठरावीक भागांत खूप लोकांत आढळतो. डुशेनचं तसं नाही. तो विरळ आहे आणि कुठल्याही जातीत, कुठल्याही गावात निघतो. सुमारे एक-तृतीयांश मुलांमध्ये तर जनुकातला बदल नव्यानेच झालेला असतो, घराण्यात आधी काहीच नसतं. म्हणून गावंच्या गावं तपासण्यापेक्षा शंका आलेलं मूल लवकर पुढे पाठवणं आणि सापडलेल्या मुलाच्या आत्या-आतेबहिणींना नव्हे, तर त्याच्या बहिणी, मावश्या, मावसबहिणी अशा आईकडच्या नात्यातल्यांना तपासणी सुचवणं जास्त उपयोगाचं.

शिकायचं असेल तर पोलिओच्या कामातून शिकावं. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हातपाय अचानक लुळा पडला की कळवायचं, कारण काहीही असो, असा नियम केला आणि तो पाळला. त्या शिस्तीवर २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. स्नायूंचा हा आजार सावकाश येतो म्हणून त्या जाळ्यात तो अडकत नाही, पण "शंका आली की कळवा" ही सवय आपल्या यंत्रणेला आहे. आणि एका आजाराची संपूर्ण भागातली नोंद ठेवणं इथे जमतं, हेही दिसलेलं आहे. नागपूरची कर्करोग नोंदवही राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमात आहेच.

भारतात सध्या नोंद होते तरी कुठे?

मुख्यतः दोन ठिकाणी. एक, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची दुर्मिळ आणि आनुवंशिक आजारांची राष्ट्रीय नोंदवही. ती रुग्णालयांमार्फत भरली जाते, तुम्ही घरी बसून नाव घालू शकत नाही. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात डुशेनचा समावेश तिसऱ्या गटात आहे, म्हणजे उपचार फार महाग असलेल्या आजारांत. धोरणानुसार निवडलेल्या उत्कृष्टता केंद्रांत नाव नोंदवून उपचार घेणाऱ्याला ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. मुंबईचं केईएम रुग्णालय हे असं केंद्र आहे. कोणत्या मुलाला काय मिळेल ते केंद्राची समिती ठरवते.

दुसरं ठिकाण म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, यूडीआयडी. याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं.

यूडीआयडी काढताना काय काळजी घ्यावी?

१९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते. डिस्ट्रॉफीचं मूल "अस्थिव्यंग" या मोठ्या गोणीत जायचं. २०११ च्या जनगणनेतही ते "हालचालीचं अपंगत्व" यातच मिसळलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकार एकवीस केले आणि त्यांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीला स्वतःचं नाव मिळालं. ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती आपण वाया घालवतो, कारण अर्ज भरताना सायबर कॅफेतला मुलगा सवयीने अस्थिव्यंगच निवडतो. शेजारी बसा आणि यादीतून मस्क्युलर डिस्ट्रॉफी हेच निवडायला सांगा. सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट असते. आजार वाढत जातो, म्हणून काही वर्षांनी फेरतपासणी करून टक्केवारी सुधारून घ्या.

पण यूडीआयडीचा आकडा म्हणजे रुग्णांचा आकडा नव्हे. तीन-चार वर्षांचं, अजून पळणारं मूल त्यात नसतं, आणि उपचार सुरू करायचं वय तर तेच.

जनुक-तपासणी खर्चाची आहे. नोंदीसाठी ती हवीच का?

शक्य असेल तर हवी. डुशेनचं जनुक माणसातल्या सर्वांत मोठ्या जनुकांपैकी एक, ७९ एक्झॉनचं, म्हणजे जणू ७९ प्रकरणांचा ग्रंथ. साधारण दोन-तृतीयांश मुलांमध्ये त्यातली एक किंवा अनेक प्रकरणं गळालेली असतात. काहींमध्ये दुबार आलेली असतात, उरलेल्यांत एखाद-दुसरं अक्षर चुकलेलं. गळालेलं किंवा दुबार असेल तर एमएलपीए या रक्ततपासणीत कळतं. तिच्यात काही निघालं नाही तर "आजार नाही" असं समजू नका. त्यापुढे संपूर्ण जनुक वाचणारी तपासणी करायची असते. बहुतेकदा यामुळे स्नायूचा तुकडा काढायची गरजही राहत नाही.

आता नोंदीचा संबंध. नवी काही औषधं ठरावीक बदलालाच लागू पडतात. एटेप्लिर्सेन हे २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं औषध ५१ वा एक्झॉन गाळून काम करतं. ते सुमारे १३ टक्के मुलांनाच लागू होतं. उद्या औषध स्वस्त झालं किंवा चाचणी नागपुरात आली, तर ती १३ टक्के मुलं कोणती, हे कोण सांगणार? भाच्याचे ४५ ते ५० हे एक्झॉन गळालेले होते, म्हणजे तो त्या १३ टक्क्यांतला. आम्हाला हे माहीत होतं. एका फाईलमध्ये होतं, गोदरेजच्या कपाटात.

लिंब-गर्डलबाबत एक मुद्दा. अगरवाल समाजात कॅलपेन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातले ठरावीक बदल पूर्वजांपासून आलेले आढळले आहेत. नागपुरात हा समाज मोठा आहे. त्या घरात कोणाला कमरेची-खांद्याची कमजोरी असेल तर डॉक्टरांना समाज सांगायला संकोच करू नका. त्याने तपासणी सोपी आणि स्वस्त होते.

नाव नोंदवलं तर मुलीच्या लग्नात अडचण येईल का?

ही भीती खरी आहे. मी तिला खोटं म्हणणार नाही. सिकलसेलच्या कामात "वाहक" (स्वतः आजारी नसलेली, पण सदोष जनुक बाळगणारी व्यक्ती) हा शब्द कळल्यावर मोडलेली सोयरीक मी पाहिली आहे. म्हणूनच नोंदवही कशी चालते हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. नाव आणि पत्ता एका ठिकाणी कुलपात, आणि अभ्यासासाठी फक्त क्रमांक, ही साधी रीत. एमडी स्टारनेटमध्येही मध्यवर्ती संस्थेकडे रुग्णाची नावं जात नाहीत. कोणी संमतीपत्रावर सही मागितली तर घरी आणून वाचा, नंतर माघार घेता येते का ते विचारा. व्हॉट्सअॅपच्या गटावर मात्र मुलाचा अहवाल नावासकट टाकू नका. तिथून तो परत येत नाही.

आणि आयांना दोष देणं थांबवा. आजार एक्स गुणसूत्रावरून येतो म्हणजे आईने काही केलं असं नाही. सासरच्यांना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, ते घरात सांगण्यापेक्षा चालतं.

पुढच्या गरोदरपणात आधी कळू शकतं का?

हो, पहिल्या मुलाचा नेमका जनुक-बदल माहीत असेल तर. आई वाहक असल्यास प्रत्येक मुलग्याला आजाराची आणि प्रत्येक मुलीला वाहक असण्याची शक्यता निम्मी. साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन तपासतात. गर्भलिंग सांगणं हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, पण लिंगाशी निगडित आनुवंशिक आजाराची तपासणी नोंदणीकृत केंद्रात करायला तोच कायदा परवानगी देतो. घाबरून गप्प बसू नका. आईचं रक्त निर्दोष आलं तरी थोडा धोका उरतो, कारण बदल फक्त काही बीजांडांत असू शकतो. दिवस राहण्याआधीच आनुवंशिकी तज्ज्ञांना भेटलं तर धावपळ वाचते.

स्टेम सेल उपचाराच्या जाहिराती येतात, करावा का?

नाही. मस्क्युलर डिस्ट्रॉफीसाठी तो भारतात मान्यताप्राप्त उपचार नाही. मंजूर चाचणीबाहेर कोणी त्याचे पैसे घेत असेल तर तिथून निघा. शेती विकलेली कुटुंबं मला भेटली आहेत.

फाईलमध्ये काय ठेवावं?

पहिलं लक्षण दिसलेला महिना आणि वर्ष, पहिलं सीपीके, जनुक-अहवालाचं प्रत्येक पान, स्टेरॉइड सुरू केल्याची तारीख आणि वजनाप्रमाणे बदललेला डोस, दरवर्षीचा इको, फुप्फुसांच्या क्षमतेची तपासणी, आणि आधाराशिवाय शेवटचं चाललेला दिवस. हा शेवटचा दिवस लिहायला हात धजत नाही, पण अभ्यासात सर्वांत महत्त्वाची तारीख तीच. पहिल्या पानावर ठळक लिहा : स्टेरॉइड अचानक बंद करू नये, आणि भूल देताना सक्सिनिलकोलिन (स्नायू ढिले करणारं औषध) वापरू नये. रात्री अपघात विभागात हेच पान कामाला येतं.

मूल गेल्यावर नोंदीचं काय?

भाचा एकोणिसाव्या वर्षी गेला. मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रावर "हृदयक्रिया बंद" एवढंच लिहिलं होतं. हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं. त्या नमुन्यात खाली मूळ कारणासाठी ओळ असते, तिथे "डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी" लिहिलं गेलं तरच तो मृत्यू या आजाराच्या हिशेबात येतो. त्या घडीला कोणाला भान नसतं, म्हणून घरातल्या एखाद्या काकाने किंवा मामाने हे आधीच माहीत करून ठेवावं. मी मामा होतो, सगळं माहीत असलेला, आणि मलाही त्या रात्री सुचलं नाही.

फाईल मात्र फेकू नका. पाच वर्षांनी भाचीचं लग्न ठरायच्या वेळी तिने स्वतःहून विषय काढला. भावाच्या अहवालात जागा लिहिलेली असल्यामुळे तिच्या रक्तात नेमकं ४५ ते ५० एवढंच बघायचं होतं. ती वाहक निघाली. वाहक स्त्रियांच्या हृदयावरही परिणाम होऊ शकतो, म्हणून तिने पहिला इको करून घेतला, तो चांगला आला. होणाऱ्या नवऱ्याला तिने सगळं सांगितलं, दोघं मिळून आनुवंशिकी तज्ज्ञांकडे जाऊन आले. तिची वेगळी फाईल आता बहिणीने केली आहे, आणि पहिल्या पानाला भावाच्या अहवालाची झेरॉक्स लावली आहे.